लातूरचा काढला, नांदेडचा बसवला

आपली गाडी कोणत्या सालची, हा मराठवाड्यात मताचा प्रश्न आहे. आरसी बुकात एक साल असतं. डिसेंबरात कारखान्याबाहेर पडलेली गाडी पाडव्याच्या मुहूर्तावर पासिंग झाली, तर जन्मसाल वेगळं. आणि मिस्त्री खाली वाकून पाहतो, ‘हं’ करतो आणि तिसरंच साल सांगतो. एरवी हे खपून जातं. मागचा शॉकअप तेल गाळायला लागला, की तिन्ही सालं भांडायला उठतात.

गाडीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नाहीच, काळ्या मातीचा आहे. हमरस्ता कितीही सुधारला तरी गावाकडचा फाटा या मातीवरच उभा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर बिचारं तिच्या मर्जीनं उठतं-बसतं. त्या उठाबशा शेवटी शॉकअपच्या खात्यावर जमा होतात.

नांदेडच्या दुकानात विचारलं, तर काउंटरवरून सवाल आला, “नवं मॉडेल का जुनं?”

“मधलं.”

“मधलं लातूरला मिळंल, सर.”

लातूरला गेलो, तर “नांदेडला नाही बघितलं का?” महसूल आयुक्तालय कुणाकडे, यावरून वर्षानुवर्षं भांडणारी ही दोन शहरं गिऱ्हाईक मात्र एकमेकांकडे किती उदारपणे पाठवतात!

तसा अदलाबदलीचा अनुभव दोन्ही जिल्ह्यांना जुना आहे. 1986 साली मुख्यमंत्रिपदावरून शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले, शंकरराव चव्हाण आले. 2008 साली विलासराव देशमुख गेले, अशोक चव्हाण आले. म्हणजे लातूरचा काढून नांदेडचा बसवला, तोही दोनदा, मधे 22 वर्षं गेली तरी. शॉकअपच्या बाबतीत एवढी सोय कुठली!

लातूरच्या दुकानात अखेर चेसिस नंबर निघाला. 17 अंक-अक्षरांचा हा नंबर. एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून जगभर त्यातून आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वगळलेली आहेत. काउंटरवरच्या पोरानं पहिल्याच शून्याला ‘ओ’ म्हणून जगाचा तो खटाटोप निकालात काढला. मग पार्ट नंबर. कंपनी भागात काही सुधारलं, की जुना नंबर रद्द करून नवा देते. सातबाऱ्यावरचा फेरफारच म्हणा. फरक एवढाच, की इथे हरकत घ्यायला भाऊबंद येत नाहीत, थेट मिस्त्री येतो.

“नंबर राहू द्या,” मिस्त्री म्हणाला, “माप बघा.” आणि त्या माणसानं जे केलं, ते कुठल्याही कॅटलॉगपेक्षा चोख होतं. जुना आणि नवा शॉकअप शेजारी ठेवून टेप लावला. पूर्ण उघडल्यावर लांबी किती, पूर्ण दाबल्यावर किती, बुशच्या भोकाचा व्यास किती. लांबीला आखूड आला तर खड्ड्यात चाकाचं लोंबतं वजन त्याच्यावर येतं. जास्त लांब आला तर रबरी ठोकळ्याला टेकण्याआधी तोच ठोकर खातो. आतल्या व्हॉल्व्हचा कडकपणा तेवढा टेपला कळत नाही. तो गिऱ्हाइकाच्या कमरेला कळतो.

“नाव एक म्हणून माल एक नसतोय, सर,” तो सांगत होता. खरं आहे. पहिल्या, 1983 च्या मारुती 800 ला मागे पाटे होते, 1986 च्या नव्या मॉडेलला कॉइल स्प्रिंगा. नाव तेच ठेवून खालचा सगळा संसार बदललेला.

बायकोनं तेवढ्यात फोनवर विचारलं, “अहो, बसतोय का एकदाचा?” मिस्त्रीला ऐकू गेलं असावं. तो म्हणाला, “बसतोय की! टेन्शन कामून घ्यायलाव?” आणि खरंच बसला. हातोडा न उचलता बसला, हे मुद्दाम नोंदवतो.

मग तो उठला, हात पुसले, म्हणाला, “शॉकअप जोडीनं बदलायचा असतोय. एक कडक, एक ढिला चालत नाही. दुसरा आणा.”

दुकानात एकच होता. मालकानं फोन लावला, बराच वेळ हं-हं केलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाला, “नांदेडला हाय, सर. पण त्यो जुन्या मॉडेलचा हाय म्हणायलेत.”