कास कुणाची धरावी

रविवारी संध्याकाळी खडकवासल्यात राहणाऱ्या माणसाने घराबाहेर पडू नये. अख्खं पुणे त्या वेळी धरणाच्या चौपाटीवर कणीस खायला आलेलं असतं, आणि कणसापेक्षा गाड्यांचा धूरच जास्त खाऊन परत जातं. आम्ही दोघं मग गॅलरीत बसून फोनची वाट पाहतो. श्टुटगार्टला तेव्हा दुपार असते. चिरंजीव नातवाला झोपवतात आणि हलक्या आवाजात आमच्याशी बोलायला बसतात. अशाच एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, क्रांकनकासेचं काय करू, काही कळत नाही." ही आत कांदा चिरत होती. तिला शेवटचे तेवढे शब्द ऐकू आले. तिचं बालपण भोरकडचं, गोठ्याशेजारचं. ती हातात सुरी घेऊनच बाहेर आली आणि काळजीने विचारती झाली, "कासेचं काय झालं? म्हैस घेतलीस की काय तिथे?"

क्रांक म्हणजे आजारी आणि कासे म्हणजे पेढी, गल्ला. आजारपणाची पेढी. पण हिच्या डोळ्यांपुढे उभी राहिलेली म्हैस काही जाईना, आणि खरं सांगायचं तर मलाही ती फारशी चुकीची वाटली नाही. पिढ्यान्‌पिढ्या एक अख्खा देश जिच्या कासेला लागला आहे, अशी ही १८८३ सालची म्हैस. बिस्मार्कने ती कायद्याच्या दावणीला बांधली. आपण तिला सरकारी म्हणतो ते सोयीपुरतं. कायद्याने बांधलेल्या, पण आपला कारभार आपणच पाहणाऱ्या अनेक पेढ्या आहेत त्या. पगाराचे १४.६ टक्के, वर प्रत्येक पेढीची थोडी पुरवणी, आणि त्यातलं निम्मं मालक भरतो. कमावणाऱ्याच्या नावावर बिनकमाईची बायको आणि पोरंबाळं फुकट. साध्या नोकरदाराला यात निवड नसतेच. मात्र पगार एका रेघेच्या वर गेला (२०२५ साली ती रेघ वर्षाला ७३,८०० युरोंवर होती) की कायदा म्हणतो, आता तू मोठा झालास, हवं तर खाजगी विम्याकडे जा. आमच्या चिरंजीवांना बढती मिळाली आणि ते रेघ ओलांडून गेले. इतकी वर्षं सुखाने क्रांक होत आलेला मुलगा पगारवाढीने अडचणीत आला.

तिथल्या मराठी मंडळींत म्हणे हा विषय गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हमखास निघतो. 'प्रिवाट की गेझेट्झलिश', म्हणजे खाजगी की कायद्याची? पूर्वी आपल्याकडे लोक शैव की वैष्णव असं विचारत, त्याच सुरात. खाजगीवाल्यांना डॉक्टरची वेळ लवकर मिळते, आणि तरुण, धडधाकट माणसाला हप्ताही कमी पडतो, कारण तो पगारावर ठरत नाही. तो ठरतो वयावर आणि तब्येतीवर. त्यासाठी एक प्रश्नावली भरायची असते. तीत पाठदुखीपासून मनाच्या दुखण्यापर्यंत सगळं विचारतात. लग्नाआधी मुलाच्या आजोळची चौकशी व्हावी, तशी. पण पुढे वय वाढतं तसा हप्ता चढतो, प्रत्येक मुलाचा वेगळा भरावा लागतो आणि पंचावन्न ओलांडल्यावर परत यावंसं वाटलं तर कायद्याच्या पेढीची दारं जवळजवळ बंदच झालेली असतात.

हे त्याने समजावून सांगितलं तेव्हा मला समोरचं धरण दिसलं. माझी सगळी नोकरी पाण्यात गेली आहे, हे मी अभिमानाने सांगतो. इथली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाला १९१६ पासून देशातल्या धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहते. मीही अशाच एका शेडमध्ये गुडघाभर पूर आणून पोटाला मिळवलं. तेव्हा मला कायद्याची पेढी म्हणजे खडकवासला वाटलं. पानशेत, वरसगाव, टेमघर या तिघींचं पाणी इथे येतं. चौघींत मिळून सुमारे २९ टीएमसी मावतं, त्यात खडकवासल्याची स्वतःची झोळी जेमतेम दोनाची, पण पुण्याची तहान तिच्याच दारातून भागते. ज्याच्या डोंगरावर जास्त पडलं त्याने जास्त आणावं आणि तहान ज्याची जेवढी त्याने तेवढं न्यावं. खाजगी विमा म्हणजे आपल्या अंगणातली बोअर. पाणी गोड, रांग नाही, कुणाची मिनतवारी नाही. फक्त ती मे महिन्यात काय करील, हे फेब्रुवारीत कुणी सांगत नाही. अर्थात धरणालाही फार डोक्यावर घेऊ नये. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण ज्याने केली, त्याने आमच्या दारात येणारा टँकर पाहिला असणार.

मुलाला मी पुराचं गणित सांगितलं. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असं आम्ही म्हणतो, तेव्हा लोकांना वाटतं की एकदा येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत निवांत. तसं नसतं. दर वर्षी शंभरातली एक शक्यता नव्याने दार ठोठावते, आणि तीस वर्षांचा हिशोब केला तर निदान एकदा तो घरात शिरण्याची शक्यता चारातली एक निघते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आम्ही शनिवार पेठेत राहायचो. आजीने वरच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक वर्षानुवर्षं तयार ठेवलेली होती. तिच्यात सुंठ, जायफळ, वेखंड, दोन पातळं आणि एक बिलवर. घरातले सगळे त्या ट्रंकेला हसायचे. पाणी ओसरल्यावर वाड्यात कोरडी म्हणून तेवढी एकच वस्तू उरली होती. आजी पुढे कधी 'मी म्हणत होते ना' असं म्हणाली नाही. तिने फक्त सुंठ बदलली.

मुलगा हे सगळं ऐकून घेतो. लहानपणीही तो असाच ऐकून घ्यायचा आणि मग आईला विचारायचा. या वेळी मात्र विचारलं त्याच्या आईने. फोन ठेवल्यावर, माझ्याकडे न बघता, कांद्याच्या साली गोळा करता करता. "अहो, थोडीच वर्षं राहायचं असेल तर कुठला घेतात?"

मी गप्प बसलो. कारण त्या सगळ्या टक्केवारीच्या तळाशी प्रश्न एवढाच होता आणि तो तिने एका फटक्यात वर काढला होता. दहा वर्षांत परत यायचं असेल तर खाजगी विमा तरुणपणी स्वस्त पडतो. म्हातारपणही तिथेच काढायचं असेल तर शहाणी माणसं कायद्याची कास धरतात. तो मुक्काम किती दिवसांचा, हे आम्ही त्याला गेल्या अकरा वर्षांत विचारलेलं नाही. सुरुवातीला विचारायची घाई वाटली नाही आणि नंतर छाती झाली नाही. पत्रिका पाहून मुलाचं भविष्य सांगणारे पुष्कळ पाहिले. विम्याच्या फॉर्मवरून ते वाचायची वेळ आमच्यावरच आली.

अशा कागदांची मला सवय नाही असं नव्हे. निवृत्त झालो तेव्हा केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड घ्यायचं होतं. वर्गणी दर वर्षी भरा, नाहीतर दहा वर्षांची एकदम भरून टाका आणि मग जन्मभर बघायला नको. मी एकदम भरायची ठरवली तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे आता दहा वर्षं जगायलाच हवं. पैसे भरलेत." परवा ती दहा वर्षं पुरी झाली. आता आम्ही सरकारच्या खर्चाने फुकट जगतो आहोत, असं ती शेजारणीला सांगते. त्याच फायलीत जुने कागद आहेत. अवलंबितांच्या एका यादीत चिरंजीवांचं नाव आहे आणि त्याला पहिली नोकरी लागल्यावर त्यावर कारकुनाने पट्टी लावून मारलेली तांबडी रेघ आहे. किती सरळ रेघ! कुठेही हात हललेला नाही. आपल्या सरकारी नोकराला कमी उत्पन्नाचे आईवडील अवलंबित म्हणून दाखवता येतात. जर्मनीतल्या त्या पेढीत बायको आणि मुलं बसतात, आईवडिलांसाठी रकानाच नाही. माझ्या यादीतून तो गेला आणि त्याच्या यादीत आम्हाला जागा नाही, हे दोन्ही अगदी नियमाप्रमाणे झालं आहे.

आमचा जर्मनीतला विमा वेगळा, पाहुण्यांचा. व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. गेल्या वर्षी निघताना ही चष्मा लावून पॉलिसी वाचत बसली होती. आजारपण, इस्पितळ, आणि मग एका कलमाशी थांबली. तिकडे मृत्यू आलाच तर देह मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात धरलेला असतो. "बघा," ती म्हणाली, "आपल्याला घरी आणायची केवढी सोय केली आहे. तशी एखादी त्याच्या विम्यात नसते का, जिवंत माणसासाठी?"

नातू फोनमध्ये भराभर वाढतो आहे. प्रतिकृतीत काम केलेल्या माणसाला त्याचं नवल वाटू नये. एकास शंभर या प्रमाणात नदी लहान केली की काळ दहापट वेगाने धावतो. दिवसभराचा पूर अडीच तासांच्या आत निघून जातो. नातवाला तर आम्ही तळहाताएवढा करून पाहतो. आठवड्याला एक दात येणारच.

जुलैच्या शेवटी धरणातून पाणी सोडलं. मुठेकाठी भोंगे वाजले, क्युसेकचे आकडे बातम्यांत आले, आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही याची चौकशी करणारे नेहमीचे फोन आले. त्यांतच एक त्याचा होता. पाण्याचं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, कायद्याचीच ठेवली. छोट्याचं फुकट होतं ना." आवाज जरा जास्तच साधा होता. मी म्हटलं, "बरं केलंस. धरण ते धरण." ही काही बोलली नाही. मग म्हणाली, "कार्डावर फोटो असतो का रे?"

फोटो असतो. त्याने लगेच कार्डाचा फोटो पाठवला. हिने तो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की चेहरा कडेला सरकून गेला आणि पडद्यावर फक्त गळ्याजवळची पट्टी राहिली.

"लक्ष्मी रोडचा शर्ट आहे," ती म्हणाली. "दिवाळीचा. हे कॉलरचं बटण मी लावलेलं आहे, दोरा जरा गडद आहे बघा."