कयाकचं वल्हं निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम सगळे पैसे दुसरीकडे संपवावेत. कयाक घ्यावी, रॉड घ्यावा, रील घ्यावं, लुअर म्हणजे खोट्या माशांचा एक डबा घ्यावा (इथे हात आखडता घेऊ नये, खऱ्या माशांचा काही भरवसा नसतो), पाण्याखाली मासा कुठे आहे ते दाखवणारं यंत्र घ्यावं आणि तो तिथे असूनही का येत नाही याचा विचार करताना घालायला टोपी घ्यावी. मग वल्ह्याकडे वळावं. एव्हाना खिशात काही उरलेलं नसतं. हे दुकानदाराला तुमच्या चेहऱ्यावरून कळतं आणि तो म्हणतो, "वल्हं आपल्याकडून फ्री."

या फुकटच्या वल्ह्याला ॲल्युमिनियमचा दांडा असतो, त्यावर काळ्या फोमची गुंडाळी आणि दोन्ही टोकांना पातळ प्लास्टिकची पाती. वजन साधारण सव्वा किलो. सव्वा किलोचं काय कौतिक, कांदे याहून जास्त आणतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण कांदे आपण मिनिटाला चाळीस वेळा उचलत नाही. चांगलं कार्बनचं वल्हं आठशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे फरक चारशे ग्रॅमच्या वरच. मिनिटाला चाळीस हात मारले तर दोन तासांत 4800 हात होतात. 4800 गुणिले चारशे ग्रॅम म्हणजे 1920 किलो. थोडक्यात, मासे पकडायला म्हणून निघालेला माणूस वाटेत एक बैलगाडी ऊस उतरवून येतो. हे गणित भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना दाखवू नये, ते त्यात चुका काढतात. खांद्याला दाखवावं. त्याला पटतं.

ॲल्युमिनियमचा दुसरा गुण म्हणजे ते मिठाशी लगेच सोयरीक करतं. दांडा दोन तुकड्यांचा असतो, मधल्या जोडात स्प्रिंगचं छोटं बटण असतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर तो जोड उघडून गोड्या पाण्याने धुवायचा असतो, आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे वाळवायचे असतात. मी धुतलं नाही. मीठ आणि रेती जोडात अशी बसली की बटण आत जायला तयार नाही. देवबागहून परत येताना ते अखंड वल्हं घेऊन मी एस.टी.त चढलो. कंडक्टरने वल्ह्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ह्याका सीट व्हयी काय?" कुडाळपर्यंत त्याचं एक टोक मागच्या खिडकीत आणि दुसरं एका शांत स्वभावाच्या गृहस्थांच्या कानाजवळ होतं.

आता लांबी. दुकानात तुमची उंची विचारतात. कयाकची रुंदी कोणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. मासेमारीची कयाक रुंद असते, ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरसुद्धा, कारण तिच्यावर उभं राहून गळ टाकता यावा. त्यात बैठकही उंच. अशा कयाकवर 220 सेंटिमीटरचं वल्हं घेतलंत तर पातं पाण्याला पोचेपर्यंत तुमची बोटं कडेवर आपटत राहतात. 240 किंवा 250 घ्यावं. हाताची पकड तपासायची एक सोपी रीत आहे: दांडा डोक्यावर आडवा ठेवायचा आणि दोन्ही कोपरं काटकोनात येतील तिथे धरायचं. हा प्रयोग घरी करणार असाल तर आधी पंखा बंद करावा, आणि बायकोला शेजारच्या खोलीत जायला सांगावं. पंखा चालू राहिला तर ती स्वतःहून येते.

लांबीच्या बाबतीत मी एकदा थेट मूळ पुरुषांकडेच गेलो. कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइटांची. तिकडे झाडं जवळजवळ नाहीतच, समुद्राने वाहून आणलेल्या लाकडातून ते वल्हं तासत. ग्रीनलंडच्या त्या वल्ह्याची पाती अगदी अरुंद, मुठीत मावतील एवढी, आणि लांबीचं माप अंगावरचं: दोन्ही हात पसरून होते ती एक वाव, अधिक कोपरापासून बोटांपर्यंत एक हात. हे वाचून मला भरून आलं. आपल्याकडे खोलीही वावेतच मोजतात! मी मालवणजवळच्या एका सुताराकडे गेलो, हात पसरून उभा राहिलो. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. सागवानात त्याने माझ्या मापाचं, म्हणजे 213 सेंटिमीटरचं, देखणं वल्हं करून दिलं आणि पैसे घेताना सहज विचारलं, "लाटणा कोणासाठी?"

त्यात दोन बारीक चुका होत्या. इनुइटांची कयाक माझ्या कयाकच्या जेमतेम दोन तृतीयांश रुंद असते, आणि सागवान काही हलकं लाकूड नव्हे. सध्या त्या वल्ह्यावर हॉलचा पडदा लटकतो. मापात एक इंचाचा फरक नाही.

पात्याच्या आकाराबद्दल फार खोलात जात नाही. लांबट अरुंद पातं घ्या, संथ मारायला बरं पडतं. रुंद बुटकं पातं ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी, आणि घाई असलेल्या माणसाने मासेमारीत पडू नये. रंग भडक घ्या: नारिंगी, पिवळा. तुम्ही पाण्यात पडलात तर यांत्रिक होडीवाल्याला आधी वल्हं दिसतं.

पण पातं सुलटं कोणतं, हे मात्र नीट शिकून घ्या. बहुतेक पाती दोन्ही बाजूंनी सारखी नसतात. लांब कड वर राहते, खोलगट बाजू आपल्याकडे येते. साधी खूण म्हणजे पात्यावर कंपनीचं नाव असतं ते सरळ वाचता आलं पाहिजे. मी दोन मोसम ते उलटं धरून मारत होतो. माझ्या कडेने कर्लीच्या खाडीत एक म्हातारे आजोबा होडीतून रोज जायचे, एकच वल्हं, एका हातात, दुसऱ्या हातात विडी. एक दिवस त्यांनी होडी माझ्या शेजारी आणली आणि बराच वेळ बघत राहिले.

"पाणी घुसळतंस कित्याक? ताक करूचा आसा काय?"

मी म्हटलं, "आजोबा, प्रवाह जोरात आहे."

त्यांनी माझ्या हातातून वल्हं घेतलं, अंगठ्याने पात्याची कड चाचपली, उलटं केलं, परत दिलं. ओल्या अंगठ्याचा ठसा त्या नारिंगी प्लास्टिकवर क्षणभर दिसला आणि उन्हाने उडाला. इंग्रजी नाव त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मासेमारीसाठी म्हणून जी वल्ही विकतात, त्यांच्या पात्याला आकड्यासारखी खाच असते. तिवरांच्या मुळांत लुअर अडकला की खाचेने दोरा ओढून सोडवता येतो. हे खरोखर उपयोगाचं आहे, कारण तांबोशी नेमकी त्या मुळांतच दडून बसते. काहींच्या दांड्यावर सेंटिमीटरची पट्टी छापलेली असते. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची पकडायला योग्य अशी किमान लांबी ठरवून दिली आहे, तेव्हा ही पट्टी कायद्याला धरून आहे. माझ्या पट्टीवरचे पहिले वीस सेंटिमीटर झिजले आहेत. पुढचे अगदी नवे कोरे आहेत.

टिकाऊपणाचं म्हणाल तर वल्हं वल्हवताना मोडत नाही. ते मोडतं सुकतीला पाणी उतरून कयाक चिखलात टेकते तेव्हा, कारण तेव्हा आपण त्याचा बांबू करतो. पातं चिखलात रोवायचं, दांड्यावर सगळं वजन टाकायचं आणि ढकलायचं. माझं फुकटचं पातं असंच दांड्यापासून निखळलं आणि चिखलात उभंच्या उभं राहिलं, देवळासमोरच्या दीपमाळेसारखं. खडकावर कालवं असतील तर आणखी वाईट, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. कार्बनचं पंचवीस हजारांचं वल्हं त्यांच्यावर घासलं की पोटात जे होतं त्याला औषध नाही. म्हणून मधला मार्ग: दांडा फायबरग्लासचा आणि पाती काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची. वजन किलोच्या आत-बाहेर, उन्हात हाताला चटका नाही, किंमत कार्बनच्या निम्म्याहूनही बरीच कमी. घेताना दोन तुकडे जोडून कानाजवळ हलवून बघा. जोड खुळखुळला तर परत ठेवा. पाती अंगठ्याने दाबून बघा, पापडासारखी वाकली तर तीही. दांड्यावर पाणी अडवणाऱ्या रबरी चकत्या आहेत का ते पाहा, नाहीतर प्रत्येक हाताला पाणी दांड्यावरून ओघळत मांडीवर येतं आणि किनाऱ्यावर उतरल्यावर लोक भलताच अर्थ काढतात.

एवढं सगळं पाहून मी शेवटी योग्य वल्हं घेतलं. 245 सेंटिमीटर, नारिंगी, खाच, पट्टी, सगळं. पहिल्याच दिवशी पौर्णिमेच्या उधाणाची सुकती लागलेली असताना रॉडला जबर ओढ बसली. मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी रॉड धरला. चोणक असावा, निदान मला तरी तो चोणकच होता. त्याने दोरा तोडला. खाली पाहिलं तर मांडीवर वल्हं नव्हतं. ते पन्नास फुटांवरून, कंपनीचं नाव सुलटं ठेवून, समुद्राच्या संगमाकडे चाललं होतं.

आजोबांनी ते गाठलं. होडी वळवून आणली, माझी कयाक धरली आणि वल्हं परत देण्याआधी दोन्ही हात पसरून ते मोजलं.

"दीड वाव," ते म्हणाले. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्येका दोन हात दोरी बांध. चड नको, गळात गुततली."