कॉट बेसिस

एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतल्याचा पहिला तोटा असा, की साध्यासुध्या प्रश्नालाही पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दिसू लागतात. 2004 साली पुणे विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि 'लोणावळ्याहून रोज अप-डाऊन करायचं की पुण्यात खोली घ्यायची' या प्रश्नावर मी दोनशे पानी वहीची पहिली चोवीस पानं खर्ची घातली. पंचविसाव्या पानापासून नोट्स काढायचा बेत होता. ती वही अजून कोरी आहे, म्हणजे पंचविसाव्या पानापासून.

अप-डाऊनच्या बाजूला बरंच काही होतं. विद्यार्थी पास स्वस्त, घरचं जेवण, धुतलेले कपडे. (जुलैत लोणावळ्यात धुतलेले कपडे वाळतात असं नाही. ते ओलेपणाच्या एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातात. पुस्तकांना बुरशी येते, ती पुसून वाचायचं.) खोलीच्या बाजूला मी एकच शब्द लिहिला होता आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती : व्यक्तिमत्त्व.

डोळ्यांसमोर चित्र पक्कं होतं. सदाशिव पेठेतली माडीवरची खोली, खादीचा झब्बा, जमिनीवर पुस्तकांचे ढीग आणि रात्री अकरा वाजता दारावर टकटक. कुणीतरी ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल माझं मत विचारायला आलेलं. या चित्रात मोरी नव्हती, बादली नव्हती आणि झब्बा कोण धुणार हेही कुठं दिसत नव्हतं.

शिवाय लोणावळ्यात राहून व्यक्तिमत्त्व घडत नाही, ही माझी खरी तक्रार होती. माणूस साताऱ्याहून आला, नगरहून आला की लोक म्हणतात, "बिचारा घर सोडून शिकायला आला." मी लोणावळा म्हटलं की चेहरे उजळायचे. "मजा आहे बुवा! उद्या येताना चिक्की आण." ज्या गावात लोक दोन दिवस भिजायला आणि भजी खायला येतात, त्या गावात कुणी दुःखी असू शकतं, हे पुण्यात कुणाला पटेना. माझ्या वर्गात मी कायम सुट्टीवर असलेला विद्यार्थी होतो.

म्हणून खोली शोधायला निघालो. पुण्यात तेव्हा खोली मिळत नसे, कॉट मिळत असे. 'कॉट बेसिस' हा शब्दप्रयोग ज्याला सुचला, त्याच्याइतकं मोजकं बोलणारा तत्त्वज्ञ मला अभ्यासक्रमात भेटला नाही. तुमचं या जगात जे काही आहे ते सहा फूट बाय अडीच फुटांवर आहे, त्याच्या खाली ट्रंक सरकवता येईल, बाकी सगळी माया. पहिल्याच वाड्यात आजींनी झोपाळा न थांबवता मुलाखत घेतली.

"कुठला रे तू?"

"लोणावळ्याचा."

"मग लोकल आहे की!"

झोपाळा पुन्हा पूर्ण वेगात सुरू झाला. मुलाखत संपली होती.

तर लोकल. हिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. खरं तर नको, पण मी लिहिणार आहे. 'तात्पुरतं' म्हणून मी जून ते दिवाळी अप-डाऊन केलं आणि त्या काळात तत्त्वज्ञानापेक्षा सखोल अभ्यास जर कशाचा केला असेल, तर लोकलमधल्या झोपेचा. लोणावळ्याला गाडी सुटते, म्हणजे खिडकी आपली. हा जन्मसिद्ध अधिकार. तळेगावला चढणारी माणसं आपल्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर मी एरवी कधी कमावली नाही. मळवलीपर्यंत माणूस जागा असतो, कारण पलीकडच्या लोहगड-विसापूरकडं बघितलं नाही तर आपण मावळातले कसले? कामशेतला पापण्या जड होतात. कान्हे आणि वडगाव कानांनी कळतात, डोळ्यांनी नाही. तळेगावला गर्दी आत येते, कुणाची तरी पिशवी मांडीवर येते आणि त्या उबेनं उरलीसुरली शुद्ध जाते. त्यापुढचं स्टेशन घोरावाडी. रेल्वेनं हे नाव डोंगरावरच्या घोरावडेश्वराला स्मरून ठेवलं असेल, पण आमच्या डब्यात त्याचा अर्थ शब्दशः पाळला जाई. त्याच्यापुढं बेगडेवाडी नावाचं स्टेशन आहे, असं मी ऐकून आहे. इतक्या महिन्यांत सकाळच्या वेळी मी ते एकदाही पाहिलेलं नाही. देहूरोडला निदान तुकोबांच्या आठवणीनं तरी जाग यावी, पण माझी मान तोवर शेजारच्या काकांच्या खांद्यावर पोचलेली असे. ते पिंपरीला उतरायचे. उतरताना माझं डोकं दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या कडेला नीट टेकवून ठेवायचे, जसं एखादं मडकं ठेवावं. आम्ही कधी एकमेकांशी बोललो नाही.

आणि मग दापोडीनंतर मुळेचा पूल. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो, आणि अख्खा डबा एकाच वेळी डोळे उघडतो. खडकी, मग शिवाजीनगर. पूल निसटला की शिवाजीनगरही निसटतं आणि माणूस पुणे स्टेशनवर जागा होतो. माझं हे चार वेळा झालं. चारही वेळा तासाला उशिरा पोचल्यावर मी सरांना 'वाचत बसलो होतो' असं सांगितलं.

दुपारी मधले काही तास लोकल नसायची. तेवढा वेळ मी जयकर ग्रंथालयात बसायचो. तिथं मात्र झोप यायची नाही. हलत नाही ना काही.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्यातला साधुपुरुष जागा झाला. वहीतले चोवीस पानी युक्तिवाद पुन्हा वाचले आणि ठरवलं, की व्यक्तिमत्त्वाचा त्याग करायचा. एका रात्री जेवणं झाल्यावर आईला जाहीरपणे सांगितलं, "मी काही पुण्याला राहायला जात नाही. तुम्हांला घर खायला उठेल." सोबत वहीतले ठळक मुद्देही वाचून दाखवले.

आई कणीक भिजवत होती, सकाळच्या डब्याची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझी झोप कुठल्या बाजूला लिहिली आहेस?"

मी वही चाळली. खरंच चाळली, याची अजून लाज वाटते.

"बाबांची पहिली पाळी होती तोवर पावणेपाचला उठत होते," ती म्हणाली, "अकरा वर्षं. त्यांनी व्हीआरएस घेतली, म्हटलं आता साडेसहापर्यंत झोपू. दोन महिने झोपले. मग तू एम.ए.ला गेलास."

कणकेवर ताट झाकून ती हात धुवायला उठली. नळाखाली हात धरून, माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "मलापण मिळाला होता पुण्यात प्रवेश. बी.एस्सी.ला. एकोणऐंशी साली. लोकल आदल्याच वर्षी सुरू झाली होती. आमचे दादा म्हणाले, पोरीनं रोज एवढ्या लांब जायचं? आणि तिथं राहायचं तर कुणाकडं? जून गेला, जुलै गेला. सगळे विचारच करत बसले, तुझ्यासारखे. तोवर प्रवेश बंद झाले."

"मग?"

"मग काय? पुढच्या वर्षी लग्न."

ती हात पुसत आत निघून गेली. तिला गणित येतं हे मला माहीत होतं. वाण्याची यादी ती पेन्सिल न लावता जुळवायची. ते गणित कुठंतरी जाणार होतं, हे माहीत नव्हतं. वहीत उजवीकडं आणि डावीकडं मी पासाचे पैसे, मेसचे पैसे, डिपॉझिट सगळं मांडलं होतं, कान्हे-वडगावमधली मिनिटंसुद्धा.

डिसेंबरात एका मित्राच्या ओळखीनं नारायण पेठेत कॉट मिळाली. चौघांत तिसरी, दाराला लागून. दार उघडलं की कॉटच्या लोखंडाला धडकायचं आणि मी उठून बसायचो. ईश्वराबद्दल कुणी विचारलं नाही. रात्री अकराला टकटक व्हायची, पण ती "पाणी भरून ठेवलंस का?" यासाठी. मेसची आमटी इतकी पारदर्शक होती, की वाटीच्या तळाची नक्षी स्पष्ट दिसे. घरी माझ्या टेबलावर धाकट्या बहिणीनं मी बस पकडायच्या आत पुस्तकं मांडली होती, ती बातमी मला तिनंच दिली.

पहिल्या सोमवारी पावणेपाचला आपोआप जाग आली. तिघे मुळेचा पूल न ओलांडलेल्या माणसांसारखे झोपले होते. तसाच पडून राहिलो. घरची फार आठवण आली आणि, खरं सांगतो, त्याहून जास्त वाटलं की तिकडं माझी आठवण येऊन कुणाला तरी चैन पडत नसणार. सहा वाजता कोपऱ्यावरचं दुकान उघडलं. लाल डब्यात एक रुपया टाकून नंबर फिरवला. बऱ्याच वेळानं बहिणीनं उचलला.

"आईला दे," मी गहिवरून म्हणालो.

"आई झोपलीये," ती कुजबुजली. "नंतर कर."