कोरडी बोअर, हट्टी पोर

अहो वहिनी, ती भांडी राहू द्या जरा. इकडे भिंतीपाशी या. समोरच्यांकडचं कळलं का? पोरीनं कॉम्प नको म्हटलंय! हो, तीच. सीईटीला ९१ पडले ती.

मला आधी वाटलं ९१ टक्के. पेढा तोंडातच होता, तर तीच म्हणाली, "काकू, टक्के नाहीत, पर्सेंटाइल. शंभरातले एक्याण्णव माझ्या मागे, एवढंच." म्हटलं बाई, मागे आहेत ना, मग पुरे झालं.

तर आता ती घेणार जिऑलॉजी. म्हणजे दगड. दगड हो, दगड! बीएस्सीला मेजर जिऑलॉजी. मेजर म्हटल्यावर मला आपली देवळालीच आठवली, वाटलं पोरगी तोफखान्यात निघाली की काय. तर नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला मेजर म्हणायचं. आपल्या वेळी 'स्पेशल' म्हणत तेच. शिवाय जोडीला मायनर, शिवाय दुसऱ्याच शाखेतला एखादा विषय. एक वर्ष शिकून सोडलं तरी सर्टिफिकेट, तीन वर्षांत डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स. थाळीच म्हणा ना! आपल्याला मेली एकच भाजी वाढायचे.

बाबांचा पारा काय चढलाय! त्यांनी इंजिनिअरिंगचे ऐंशी पर्याय काढून ठेवलेत वहीत. हो, ऐंशी. प्रवेशाच्या त्या कॅपच्या फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत भरता येतात म्हणे. मी वही बघितली. कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स, मग पुन्हा दुसऱ्या कॉलेजचं कॉम्प्युटर. ऐंशी स्थळं, पण मुलगा एकच! आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून त्या पहिल्या ओळीवरून घरात तीन दिवस अबोला.

आई म्हणते, मुलींची फी माफ आहे तर इंजिनिअरिंग सोडायचं कशाला? तेही खरंच. २०२४ पासून उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की बऱ्याच प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. कितीतरी घरांतल्या पोरी त्यामुळे शिकल्या, नाही म्हणत नाही मी. पण वहिनी, सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली जांभळी पैठणी माझ्या कपाटात अजून घडी न मोडता पडलीय. आता बोला.

मलाही पटलं नव्हतंच हो. मी तोंडावर विचारलं, "दगड घेऊन पोट भरणार का गं?" तर म्हणते, "भूजल सर्वेक्षणात काम असतं, खाणीत असतं. समृद्धी महामार्गाला इगतपुरीजवळ ८ किलोमीटरचा बोगदा पाडला, तो खडक न ओळखता पाडला का?" वर हेही सांगितलं की नुसत्या बीएस्सीवर भागणार नाही, एमएस्सी करावीच लागेल, केंद्राच्या भूवैज्ञानिकांच्या परीक्षेला तीच लागते. लपवलं नाही काही. बाबांना म्हणे हे सगळं कागदावर लिहून दिलंय. तो कागद त्यांनी गॅसच्या बिलाखाली ठेवलाय.

आपली बोअर आठवते ना? दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. ह्यांनी कुठून तरी तो पाणाड्या आणला. तळहातावर नारळ ठेवून अंगणभर फिरला, पारिजातकापाशी नारळ उभा राहिला, आणि आमच्याकडून ११०० रुपये घेऊन गेला. गाडी लागली. अख्खी गल्ली भोवती उभी. सगळ्यांचे डोळे पाण्यावर. तुम्ही तर कळशी घेऊनच आला होतात, हसू नका! साडेतीनशे फूट गेलो आणि वर आली ती नुसती धूळ. ह्यांचं तोंड बघवत नव्हतं.

आणि ही कार्टी, दहावीत होती तेव्हा, काय करत होती? पाण्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. दर दहा फुटांना बाहेर पडणारा चुरा चिमूट चिमूट उचलून पिशव्यांत भरत होती. दुधाच्या पिशव्या धुऊन कापलेल्या. प्रत्येकीवर पेननं फूट लिहिलेले. मला वाटलं हिला ऊन लागलं. मध्येच ओरडली, "काकू, लाल आलं!" मी धावले, मला वाटलं पाणी आलं. तर तिच्या हातात लाल माती. करडा दगड, करडा दगड, आणि मध्येच तेवढी कुंकवासारखी.

परवा विचारलं, काय होतं गं ते? तर सांगायला लागली. हा आपला काळा पाषाण म्हणे लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला. पांडवलेणी कोरली तीही त्यातच. एक थर पडला की मध्ये बराच काळ जायचा, वरच्या दगडाची झिजून माती व्हायची. मग पुढचा लाव्हा तिच्यावर यायचा नि ती भाजून लाल व्हायची. वहिनी, माझ्या पारिजातकाखाली कोटी वर्षांची भाजलेली माती, आणि मी नारळात पाणी शोधत होते!

आणि त्या गारगोट्या? ही पोर भिंतीवर मांडून ठेवते, तुम्ही ओरडता ना त्यावरून? त्या विहिरीच्या खोदकामातून निघतात. तसल्या बघायला लोक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तिकीट काढून जातात. तेव्हा फेकू नका हो.

सिन्नरवरून आठवलं. मला काय स्पेशल घ्यायचं होतं, सांगितलंय कधी तुम्हाला? भूगोल. नकाशे फार आवडायचे मला. पण भूगोलाला प्रॅक्टिकल, ते दुपारी, आणि दीडची एसटी चुकली की सिन्नरला पोचेपर्यंत अंधार. दादा म्हणाले, मराठी घे, मराठीला प्रॅक्टिकल नसतं. घेतलं. वाईट झालं असं नाही. पण माझा विषय मी नाही निवडला, डेपोच्या टाइमकीपरनं निवडला.

असो. खरी बातमी तर पुढेच आहे. मी त्या पोरीला म्हटलं, दुसरी बोअर कुठे मारू ते सांग. तर म्हणते, "मारूच नका. गच्चीचं पाणी वाळू-खडीतून गाळून ह्याच बोअरमध्ये सोडता येतं का बघू. पण आधी टँकरचं थोडं पाणी ओतून दर पाच मिनिटांनी पातळी मोजायची. जिरलं तर पुढचा खर्च करा, नाहीतर राहू द्या." पाणाड्यानं असं 'नाहीतर' कधी म्हटलं होतं का?

रविवारी सकाळी टँकर येतोय. ती आकडे लिहिणार, मी घड्याळ बघणार. टेप धरायला एक माणूस कमी पडत होता.

मी तिच्या बाबांना सांगितलंय यायला. फॉर्मची मुदत सोमवारी संपते ना, म्हणूनच. आता जा, तुमचं दूध उतू चाललंय.