टायरांची गुणवत्ता यादी

दहावीच्या परीक्षेची गुणवत्ता यादी प्रसिद्ध करण्याचे महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाने बंद केले, त्याला आता बराच काळ लोटला. परंतु ज्या मध्यमवर्गाची निकालाच्या दिवसांतली सकाळ कोणाच्या मुलाला कितवा क्रमांक मिळाला याच्या चर्चेत, आणि आपल्या मुलाला तो का मिळाला नाही याच्या तहकिकातीत सुखाने व्यतीत होत असे, त्या वर्गाची क्रमांकांची भूक एका परिपत्रकाने शमेल, ही अपेक्षाच मुळी मनुष्यस्वभावाच्या अज्ञानातून निपजलेली होती. मुले हातची गेल्यावर या भुकेने वस्तूंकडे मोर्चा वळविला. प्रथम दूरचित्रवाणी संच, मग पाणी शुद्ध करण्याची यंत्रे, मग गाद्या, आणि सांप्रत, निदान आमच्या कासारवाडीत तरी, टायर.

आमच्या सोसायटीच्या चिटणीसांना मोटारीचे चार टायर बदलावयाचे आहेत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तपासनीस म्हणून उभी हयात घालविलेले, दहा मायक्रॉनांच्या फरकावरून पुरवठादाराचा अख्खा माल परत धाडण्यात ज्यांना आसुरी आनंद होत असे, असे हे सद्गृहस्थ. पण टायरचा विषय निघताच त्यांची मोजमापावरची सारी निष्ठा गळून पडली, आणि एका जर्मन, एका इंग्रज व एका अमेरिकी परीक्षेच्या निकालांचे जाड दफ्तर काखोटीला मारून जिन्यात भेटेल त्याला ते एकच प्रश्न विचारू लागले की, तीन परीक्षांत पहिले आलेले टायर तीन निरनिराळे कसे? आपण विचारतो तो प्रश्न सदोष असेल, ही शंका त्यांना शिवली नाही. परीक्षक फितूर असले पाहिजेत, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला.

परीक्षक बहुधा फितूर नसतात, हेच खरे तर अधिक त्रासदायक आहे. जर्मनीतील एडीएसी ही मोटारमालकांची बलाढ्य संस्था टायर बाजारातून विकत घेते, एकाच आकाराचे घेते, सारख्याच मोटारींना लावते, धावपट्टीवर पाणी सोडून गाडी किती मीटरांत थांबली याची नोंद करते, आणि इतका चोख पंचनामा झाल्यावर गुणांची बेरीज करते. सारी करामत त्या बेरजेत असते. २०२३ पासून या संस्थेने वाहन चालविण्यातील सुरक्षिततेला शंभरातले ७० आणि पर्यावरणाला ३० असे गुण ठरविले आहेत. हेच प्रमाण उद्या कोणी उलटे केले, तर रबराचा एक कणही न हलता पहिला टायर सातवा होऊ शकेल. ओल्या रस्त्याला घट्ट धरणारा टायर बहुधा लवकर झिजतो. जो चिवट तो पाण्यात घसरण्याचा संभव अधिक. आणि जो इंधन वाचवितो त्याला या दोहोंपैकी कोठेतरी पदरमोड करावी लागते. टायर हा अशा तिहेरी तडजोडीचा दस्तऐवज असून, पहिला क्रमांक म्हणजे परीक्षकाला जी तडजोड रुचली तिच्यावर उमटलेली मोहोर होय. सर्वांना मान्य असलेली क्रमवारी आमच्या माहितीत एकच आहे, ती पुण्याच्या मानाच्या गणपतींची. आणि ती कोणी धावपट्टीवर पळवून लावलेली नाही.

तथापि चिटणीसांचा संशय अगदीच निराधार म्हणता यावयाचा नाही. हिवाळी टायरांची आद्य निर्माती म्हणून जिची ख्याती, त्या फिनलंडच्या नोकियन कंपनीने २०१६ च्या फेब्रुवारीत असा कबुलीजबाब दिला की, नियतकालिकांच्या परीक्षेसाठी पूर्वी आपण पाठवीत होतो ते टायर दुकानात गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या टायरांहून वेगळे होते. वधूपरीक्षेला धाकटीला बसवून मांडवात थोरलीला उभी करण्याची युक्ती आमच्याकडे जुन्या फार्सांतून बदनाम झाली. उत्तर ध्रुवाच्या शेजारी तिला इतके दीर्घायुष्य लाभले, हे वाचून आमचा ऊर अभिमानाने भरून आला. वर जिच्या चोखपणाची आम्ही तारीफ केली त्या एडीएसीचेही एक दफ्तर २०१४ च्या जानेवारीत उघडे पडले. आपल्या नियतकालिकाच्या वाचकांची आवडती मोटार म्हणून फोक्सवॅगनच्या गोल्फला ३४,२९९ मते पडल्याचे तिने जाहीर केले होते. मोजणीत ती ३,४०९ निघाली. संस्थेच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. टायरांच्या परीक्षेशी या प्रकरणाचा संबंध नव्हता हे न्यायबुद्धीने नमूद करणे भाग आहे. फक्त एक शून्य जवळजवळ फुकट वाढविण्याची कला त्या इमारतीत कोणाला तरी अवगत होती, एवढेच.

आणि या साऱ्या व्यवहारातील परम विनोद असा की, निःस्पृह परीक्षा कशी घ्यावी याचा वस्तुपाठ जगाला एका टायर कंपनीनेच घालून दिला आहे. मोटारी जास्त फिरल्या तर टायर जास्त झिजतील, या निर्मळ हेतूने फ्रान्सच्या मिशलॅनने १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून उपाहारगृहांना तारे वाटण्यास प्रारंभ केला. तिचे निरीक्षक ओळख न देता येतात, जेवतात, बिल स्वतः चुकते करतात आणि निघून जातात. याउलट नव्या टायराचे गुणवर्णन करणारा आमचा मोटार-समीक्षक विमानाने नेला जातो, समुद्रकाठच्या पंचतारांकित विश्रामधामात उतरविला जातो, कंपनीच्याच धावपट्टीवर कंपनीच्याच गाडीत बसविला जातो, आणि तिसऱ्या दिवशी जे लिहितो त्याला निःपक्षपाती अभिप्राय असे नामाभिधान प्राप्त होते. म्हणजे टायरवाला रश्श्याची पारख स्वतःच्या पैशाने करतो, आणि टायरची पारख टायरवाल्याच्या रश्श्यावर चालते.

वास्तविक नाशिक फाट्यावरच्या दुमजली उड्डाणपुलाखाली उभे राहून चोहोकडे दृष्टी टाकली, तर टायरविषयक ज्ञानाचा इतका दाट साठा अन्यत्र क्वचितच आढळेल. नाशिक रस्त्याने थोडे पुढे भोसरीला १९६७ साली स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर त्याच्या आदल्या वर्षीची एआरएआय ही मोटार-संशोधन संस्था आहे, आणि तिची शाखा चाकणला. त्याच चाकणात ब्रिजस्टोनचा टायर-कारखाना आहे. परंतु या सरकारमान्य प्रयोगशाळांतून वस्तू उत्तीर्ण होते किंवा अनुत्तीर्ण. तेथे पहिली येत नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या जूनमध्ये अधिसूचना काढून ओल्या रस्त्यावरील पकड, फिरताना वाया जाणारी शक्ती आणि आवाज यांच्या मर्यादा टायरांना घालून दिल्या, नव्या नमुन्यांना त्याच ऑक्टोबरपासून आणि जुन्यांना २०२३ सालात. पण ज्या घरात पोरगा नुसता पास झाल्याचे शेजाऱ्यांना सांगत नाहीत, त्या घरात नुसत्या पास झालेल्या टायराचे कौतुक कोण करणार?

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, कासारवाडीने स्वतःचे परीक्षा मंडळ स्थापावे आणि नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतचा रस्ता परीक्षा केंद्र म्हणून अधिसूचित व्हावा. युरोपात ओल्या रस्त्यावरची पकड ताशी ८० किलोमीटरांवरून २० पर्यंत वेग उतरवून मोजतात. आमच्या केंद्रावर उमेदवाराने संध्याकाळची पाळी सुटण्याच्या वेळी प्रथम ८० चा वेग गाठून दाखवावा; उतरविण्याचे पुढे पाहता येईल. दुसरी प्रश्नपत्रिका लोखंडाची: लेथवरच्या चिप्स, भंगाराच्या टेम्पोतून सांडलेले खिळे, आणि कोण्या अज्ञात दात्याने रस्त्यावर अर्पण केलेले नट-बोल्ट यांतून मोशीपर्यंत हवा टिकविणे. तिसरी पावसाळ्यातली: गुडघाभर पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याची धारदार कड कुशीवर झेलणे, आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा न येणे. चौथ्या प्रश्नपत्रिकेस तोड नाही. तीत टायराने चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांच्या मधोमध केवळ उभे राहावयाचे असते, आणि जर्मनीच्या धावपट्टीवर सर्वप्रथम आलेला टायर तेथे शेजारच्या रिमोल्डाहून एक तसूही पुढे सरकत नाही.

परीक्षक म्हणून पुलाजवळच्या पंक्चरवाल्याची नियुक्ती व्हावी. कोणत्या कंपनीच्या टायरची कूस आधी फाटते हे त्याला पाठ आहे, आणि त्याला अद्याप कोणीही समुद्रकाठी नेलेले नाही.

असो. चिटणीस अखेर दफ्तर घेऊन दुकानात गेले. तिहींपैकी एकाही परीक्षेत पहिला आलेला टायर त्यांच्या गाडीच्या आकारात उपलब्ध नव्हता, आणि दुकानदाराने ‘त्याच्याच तोडीचा’ म्हणून जो पुढे केला त्याचे नाव कोणत्याच यादीत सापडेना. टायरच्या कुशीवरच्या संकेताचे शेवटचे चार अंक त्याच्या निर्मितीचे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ज्या माणसाने तीस वर्षे सहीशिक्क्यावाचून पट्टीसुद्धा वापरली नाही, त्याने ते अंक वाचण्यासाठी वाकण्याचे कष्ट घेतले नाहीत. तो किमतीवर हुज्जत घालीत राहिला. किमतींच्या बाबतीत टायर-कंपन्यांत क्रमांकांची चढाओढ दिसत नाही. ट्रक-बसच्या टायरांचे भाव संगनमताने ठरविल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१८ च्या आदेशान्वये पाच कंपन्यांना मिळून १,७८८ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते प्रकरण फेरविचारार्थ आयोगाकडे परत पाठविले.

आता चिटणीसांचा मुंबईचा प्रवास योजलेला आहे, म्हणून आम्ही त्यांना मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा एक निकाल वाचावयास दिला. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा टायर फुटून अपघात झाला होता. टायर फुटणे ही ईश्वरी करणी असल्याचा विमा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला आणि तो मानवी हलगर्जीपणा ठरविला. टायर का फुटतो याची कारणेही निकालात आहेत: अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, दुसऱ्याने वापरलेला टायर, तापमान. चिटणीसांनी ती यादी चष्मा लावून दोनदा वाचली, आणि तीत टायरच्या क्रमांकाचा उल्लेख कसा नाही, असे विचारले.

त्यानंतर ते पेट्रोल पंपावर गेले. हवा भरणाऱ्या मुलाने नळी व्हॉल्व्हला लावून विचारले, “काका, किती टाकू?”

“टाक रे,” चिटणीस म्हणाले, “नेहमी टाकतोस तेवढी.”