मुंबई ते न्यूअर्क किती तास? नवशिक्यांसाठी कृती

मुलगा-सून न्यू जर्सीत असतील, तर व्हिसा मिळाल्याची बातमी जिन्यात पोचताच अर्धी सोसायटी विचारणार, "किती तासांचा प्रवास हो?" उत्तर आधीच काढून ठेवावे.

साहित्य: पृथ्वीचा गोल, हातभर दोरा आणि भिंतीवरचा नकाशा. नकाशा फक्त चूक करण्यापुरता लागतो.

त्यावर पट्टीने मुंबई ते न्यूअर्क रेघ ओढा. सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्को करत ती अटलांटिकमध्ये उतरेल. सुबक रेघ, पण बाद. आता गोलावर दोरा ताणून धरा. तो पश्चिमेचे नाव न घेता वर चढतो: रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, मग कॅनडा. "अमेरिकेला जायला आइसलँड कशाला?" असे घरातले काका विचारतीलच. वाद न घालता दोरा त्यांच्या हाती द्यावा. हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. ताशी 900च्या वेगाने भागा. उत्तर जेमतेम 14 तास. हा आकडा जिन्यात बोलू नका, तोंडघशी पडाल.

कारण विमान दोऱ्यावरून जात नाही. दोऱ्याचा सुरुवातीचाच भाग सिंधवरून जातो, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025पासून भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. म्हणजे आधी वळसा. शिवाय दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते आडवे येतात, येताना ढकलतात. म्हणून थेट विमानालाही जाताना साधारण 16 तास लागतात आणि येताना साडेचौदा धरावेत.

गोल घरात नसेल तर घड्याळाची कृती करा. समजा, हिवाळ्यात मुंबईहून रात्री दीडला निघालात. न्यूअर्कला उतरता तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे सात. वजाबाकी केली: साडेपाच तास! परतताना दुपारी बाराला निघालात, मुंबईत पोचलात दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. वजाबाकी: पंचवीस तास. दोन्ही उत्तरे साफ खोटी. पण त्यांची सरासरी काढा: सव्वापंधरा. सोळा आणि साडेचौदाची काढा: तीही सव्वापंधरा! तिथले घड्याळ साडेदहा तास मागे असल्याने जाताना तेवढे तास गिळते आणि येताना इमानाने परत करते. (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा. जाणे आणि येणे यांच्या मध्ये हा फरक बदलला तर सरासरी अर्ध्या तासाने हुकेल. तेव्हा अमेरिकन सरकारला बोल लावावा.)

पुणेकरांनी यात द्रुतगती मार्ग मिळवावा. रात्री दीडचे विमान, तीन तास आधी सहार विमानतळावर, त्याआधी घाटातली कोंडी. म्हणजे चहा घेऊन दुपारी चारलाच घर सोडायचे. तिकिटावर 12 तारीख असेल तर हे चार 11 तारखेचे, हे दोनदा तपासा. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि मेतकूट म्हणजे काय हे कस्टम्सच्या अधिकाऱ्याला समजावण्याचा वेळ वेगळा. तो ज्याने-त्याने आपापल्या इंग्रजीच्या बेताने धरावा.