कंपनीचा पाव

"चल की लेका, मिसळ हाणूया. कंपनी तरी दे!" गारगोटीच्या स्टँडावर भेटलेल्या दोस्ताला एवढं म्हटलं की तो "आत्ताच जेवलोय" म्हणत म्हणत शेजारी येऊन बसतो. मिसळ येते, वर कट येतो आणि बशीत ब्रेडच्या स्लाइस. पुण्या-मुंबईचा पाहुणा इथं हमखास अडतो : पाव कुठाय? कोल्हापूरकडं मिसळीला ब्रेडच. त्यावर अपील नाही.

तरीही टेबलावर पाव असतोच. तो त्या 'कंपनी'त दडलेला असतो. लॅटिनमध्ये पाव म्हणजे 'पानिस'. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं जे रूप झालं, तेच गोव्याच्या वाटेनं आपल्याकडं 'पाव' म्हणून आलं. (पायानं तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती जुन्या आज्यांनी सोवळं सांभाळायला काढली असावी.) 'पानिस'मागं 'सह' या अर्थाचं 'कोम' लागलं आणि झाला 'कोम्पानिओ', म्हणजे एका पावाचा वाटेकरी. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडं 'कंपनी' आली. फ्रेंच पोरं आजही दोस्ताला 'कोपॅं' म्हणतात, तेही त्यातलंच.

तेव्हा "आत्ताच जेवलोय" म्हणणाऱ्याला नुसतं बसून कंपनी देता येत नाही. एक तरी स्लाइस उचलावीच लागते. तो उचलतोही, बहुतेक वेळा आपल्या बशीतली.

1600 साली लंडनच्या व्यापाऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनी काढली, तोवर शब्दातला पाव कधीच शिळा झाला होता. उरली ती भागीदारी. गारगोटीजवळच्या भुदरगडानं ही कंपनी चांगलीच अनुभवली. पिढीजात गड राखणाऱ्या गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडं गेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाकरीवर गदा आली आणि 1844 मध्ये सामानगडाबरोबर भुदरगडही उठला. कंपनीच्या फौजेनं बंड मोडून गड घेतला. अशांच्या राज्याला आपली माणसं आदरानं 'कंपनी सरकार' म्हणत होती! मुळाशी गेलं तर त्याचा अर्थ निघतो, पाव वाटून खाणारं सरकार. लॅटिन येत नव्हतं तेच बरं, नाहीतर गडकऱ्यांचं डोकं आणखी फिरलं असतं.

गारगोटीला आलात तर भुदरगड बघाच. भैरवनाथाचं दर्शन घ्या, दूधसागर तळं बघा. खाली उतरल्यावर मिसळ खा आणि कट बिनधास्त मागून घ्या. पाव तेवढा मागू नका.